मार्लिसचा आकडा

पडद्यावर खेळ नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'लॉगिन', आणि त्याच्यापुढे एक रेघ लुकलुकत होती.

"हे काय आता, बेव?" बारमालक ऑगीनं खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत विचारलं.

"नाव विचारतंय."

"कुणाचं?"

"तुझ्या आजीचं. हो बाजूला."

मी चिडले की असं बोलते आणि घाबरले की जास्तच बोलते. त्या शुक्रवारी मी चांगलीच घाबरले होते. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचच्या ठोक्याला नॉर्बर्ट कुबियाक आत येणार, कोट खुंटीला अडकवणार आणि सरळ ह्या यंत्रापुढे जाऊन उभे राहणार. तळ्याकाठच्या आमच्या गावात बर्फ वेळेवर पडेल न पडेल, नॉर्बर्ट वेळेवर येतात.

दुपारी गारांच्या वादळानं तासभर वीज गेली होती. ती आल्यावर तळणीतलं तेल पुन्हा तापलं, बिअरचे नळ चालू झाले, कोपऱ्यातला टीव्ही बोलायला लागला. फक्त हे एक यंत्र दारातच अडून बसलं.

हे यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीची रंगीत लाकडी पेटी. वर पडदा, खाली दांडा आणि दोन बटणं. पाण्यात उतरून मोती गोळा करणाऱ्या पाणबुड्याचा खेळ. १९८४ च्या हिवाळ्यात नॉर्बर्टच्या बायकोनं, मार्लिसनं, त्यावर असा काही स्कोअर केला की तो पुन्हा कुणाला गाठता आला नाही. तिच्या नावाची तीन अक्षरं, एमजेके, तेव्हापासून यादीत सगळ्यांत वर होती. मार्लिसला जाऊन चार वर्षं झाली. नॉर्बर्ट दर शुक्रवारी एक डाव खेळतात, दोन मिनिटांत हरतात, त्या तीन अक्षरांवर काचेवरून बोट टेकवतात, "आजही तूच वर," म्हणतात आणि मासे खायला बसतात.

आता खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी ह्या यंत्राची आतली मूळ सर्किटची पाटी जळून गेली. नॉर्बर्ट तेव्हा मोडक्या खुब्यानं हॉस्पिटलात होते. तीस वर्षं मी असली यंत्रं आणि गाण्यांच्या पेट्या दुरुस्त करते, पण तसली पाटी मला कुठे मिळेना. ऑगी माझ्यापुढे अक्षरशः रडला. म्हणाला, म्हातारा परत येईल आणि पेटी मेलेली बघेल, काहीतरी कर. मग मी पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर आत बसवला, जुना खेळ त्यावर चढवला आणि मार्लिसचा आकडा स्वतःच्या हातानं लिहून टाकला. वीज आली की तो कॉम्प्युटर स्वतःच लॉगिन करतो, स्वतःच खेळ सुरू करतो, कुणाला काही विचारत नाही. आमचं सगळं खोटं त्या न विचारण्यावर उभं होतं.

नॉर्बर्टना जुन्या पेटीत लपवलेल्या अशा नकली कॉम्प्युटर-डब्यांचा भयंकर राग. शेजारच्या गावात एकदा त्यांनी असा डबा पाहिला होता. "बायकोचा कोट दुसऱ्याच बाईच्या अंगात दिसावा तसं वाटलं," म्हणाले आणि ग्लास अर्धा टाकून उठले.

शिवाय त्यांचे दिवस आता फार उरले नव्हते. जगण्याचे नव्हे, इथले. गेल्या महिन्यात त्यांनी पिकअपची किल्ली ऑगीच्या हातात ठेवली. "मी आता गाडी चालवणं बरं नव्हे. आकडेच राहत नाहीत डोक्यात." किल्ली बारमागच्या खिळ्याला लटकत होती आणि पिकअप मागच्या आवारात उभी होती. ऑगी दर रविवारी ती सुरू करून ठेवायचा. सोमवारी नॉर्बर्टची मुलगी ॲरिझोनाहून येणार होती, घर विकायच्या कागदांवर त्यांच्या सह्या घ्यायला आणि त्यांना सोबत न्यायला. हा त्यांचा शेवटचा शुक्रवार होता. तो माझ्या हातून नासावा हे मला अजिबात नको होतं.

"कीबोर्ड आण," मी ऑगीला म्हटलं. "तुझ्या ऑफिसातला."

"त्याच्यावर सॉस सांडलाय."

"मी चाटणार नाहीये. आण!"

चूक माझीच होती, हे मला त्या लुकलुकत्या रेघेकडे बघताच कळलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ह्याच बारवर बसून, माझ्या लॅपटॉपवरून, मी त्या डब्यातलं जुनं नाव पुसून स्वतःच्या नावाचं खातं केलं होतं. नवा पासवर्डही दिला होता. पण आपोआप कुणाच्या नावानं आत शिरायचं, ती ओळ बदलायची राहिली. पेटी कधी बंदच होत नाही, म्हणून दोन आठवडे कुणाला पत्ता लागला नाही. आज वीज गेली, आणि डबा त्या पुसलेल्या नावाला दारात हाका मारत बसला.

कीबोर्ड जोडला. नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, आंधळ्यासारखं लिहायचं. 'चुकीचं लॉगिन.' पुन्हा लिहिलं. चुकीचं. तिसऱ्यांदा एकेक बटण मोजून दाबलं. चुकीचं.

"विसरलीस?" ऑगी.

"मी पासवर्ड विसरत नाही."

"मग त्याला का पटत नाही?"

"तुझं तोंड बघून! जा, मासे तळ."

लॅपटॉप घरी होता. मी मासे खायला आले होते, कामाला नव्हे. घरी जाऊन यायला चाळीस मिनिटं, तीही रस्ता कोरडा असताना. चार पस्तीस झाले होते. मी पेटीचं मागचं दार काढलं आणि टॉर्च आत मारला. आमच्या धंद्यात पेटीच्या आत एक पुठ्ठा टाचलेला असतो, दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण त्यावर दोन ओळी खरडून जातो. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी पासवर्ड लिहून ठेवला होता आणि ती बाजू वर करून पुठ्ठा परत टाचला होता. मी तो ओरबाडून काढला. पासवर्ड तोच होता, अक्षर न् अक्षर.

किल्ली बरोबर आणि कुलूप उघडेना. वैतागून मी कीबोर्डावर मूठ आपटली, आणि नावाच्या जागी कसलीतरी अक्षरं उमटली. त्यांत एक पौंडाचं चिन्ह होतं.

विस्कॉन्सिनमधल्या अमेरिकन कीबोर्डावर पौंड कुठून आला? मी शिफ्ट धरून तीनचं बटण दाबलं. पुन्हा पौंड. ह्या डब्यांचा जन्म इंग्लंडातला, वेगळं सांगितलं नाही तर ते प्रत्येक कीबोर्ड इंग्लंडातलाच समजतात. लॅपटॉपवरून काम करताना मला ते कधी जाणवलंच नव्हतं. माझ्या पासवर्डात ॲटचं चिन्ह आहे, आणि त्यांच्याकडे ते अवतरणचिन्हाच्या बटणावर असतं. मी ते दाबलं आणि एंटर केलं.

आत गेले! ती ओळ शोधली, जुनं नाव खोडून नवं घातलं आणि डबा पुन्हा सुरू केला. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. काळा पडदा, अक्षरांची धावपळ, पुन्हा काळा, आणि मग निळं पाणी. पाणबुड्या उडी मारून खाली आला.

"ह्याला म्हणतात बाई!" ऑगीनं मला मिठीच मारायची बाकी ठेवली.

मग यादी आली. दहाच्या दहा ओळींत दहा हजार, दहा हजार, आणि कुठलीतरी परकी अक्षरं. वीज जाताना स्कोअरची फाईल गेली होती. मार्लिस यादीत कुठेच नव्हती.

"आकडा," मी म्हटलं. "ऑगी, आकडा!"

"चौऱ्याऐंशी हजार तीनशे साठ. रोज समोर असतो की."

मलाही तोच आठवत होता. तरी खात्री म्हणून मी पुठ्ठा उलटला, कारण जुने दुरुस्तीवाले स्कोअर जपणारी बॅटरी बदलण्याआधी वरचा स्कोअर लिहून घेत. १९९१ सालची पेन्सिल होती, माझ्या उस्तादाच्या, स्टॅनच्या हातची. 'बॅटरी बदलली. वर एमजेके, ८४,६३०. परत घातला.'

सहाशे तीस.

मरत्या, थरथरत्या पडद्यावरून तो आकडा मी दोन वर्षांपूर्वी पेपर नॅपकिनवर उतरवला होता. तीन आणि सहाची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. मला आधी वाटलं, बरं झालं, आता बरोबर घालू, कुणाला कळतंय. आणि मग नॉर्बर्टचं ते वाक्य आठवलं. आकडेच राहत नाहीत डोक्यात. म्हणजे त्यांच्या डोक्यातला आकडा बरोबर होता, चुकीचा होता तो माझा.

दार उघडलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. शेजाऱ्यानं बर्फाच्या भीतीनं त्यांना लवकर आणून सोडलं होतं. नॉर्बर्टनी कोट अडकवला, आणि उघडं दार, लोंबणाऱ्या वायरी, माझ्या मांडीवरचा कीबोर्ड, सगळं एकदमच त्यांच्या नजरेला पडलं.

"काय करतेयस, बेव?"

ऑगी घाईनं म्हणाला, "काही नाही हो, वीज गेली ना, ती जरा धूळ..."

"ऑगी, गप्प बस," मी म्हटलं. आकडा सुधारला तरी ते उद्यापासून म्हणतील की दोन वर्षं आपल्याला भास होत होता. नाही सुधारला तर ते तसेच ॲरिझोनाला जातील. मी पुठ्ठा पुढे केला. "नॉर्बर्ट, आधी हे वाचा. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

त्यांनी चष्मा चढवला. "स्टॅनचं अक्षर," ते म्हणाले. मग त्यांनी पेन्सिलीच्या ओळीवरून बोट फिरवलं. "सहाशे तीस."

"हो. दोन वर्षं इथे तीनशे साठ होतं, ते मी लिहिलेलं. तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हा मूळ यंत्र जळलं. आत हा डबा आहे. आकडा मी हातानं घातला, आणि चुकीचा घातला."

नॉर्बर्टनी पुठ्ठा पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे तू चुकलीस," नॉर्बर्ट म्हणाले.

"मी चुकले."

"मी नाही."

"तुम्ही नाही."

ते स्टुलावर बसले. पुठ्ठा त्यांनी सोडला नव्हता. "डॉक्टरनं विचारलं, कशावरून वाटतं तुम्हाला डोकं चालत नाही म्हणून? मी म्हटलं, चष्मा विसरतो, नावं विसरतो, ते काय, सगळेच विसरतात. पण माझ्या बायकोचा आकडा मला एक आठवतो आणि यंत्रात दुसराच दिसतो. यंत्र कशाला खोटं बोलेल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं, बेव."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. "माफ करा मला."

"आत्ता नाही," ते म्हणाले. "आत्ता लिही. आठ."

मी डोळे पुसून लिहिलं.

"चार. सहा. तीन. शून्य." प्रत्येक आकड्यानंतर ते थांबत होते, माझं बोट बघून मगच पुढचा सांगत होते. "आता तिचं नाव."

मी तीन अक्षरं लिहिली. यादी आली, मार्लिस वर. नॉर्बर्टनी काचेवर बोट टेकवलं, पण त्या दिवशी ते खेळले नाहीत. उठून बारपाशी गेले आणि हात पुढे केला.

"ऑगी, ती किल्ली दे."

ऑगीनं माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकलंय, मी येताना पाहिलं. आणि मासे बांधून दे. ॲरिझोनाला फोन करायचाय मला, माझ्या घरून."