आमचीच चूक, माफ करा

शनिवारची अर्धी शाळा उरकून फिरकी घरी आली, तेव्हा आई शिवणाच्या टेबलाशी फोनकडे बघत बसली होती. जणू फोनला ताप चढलाय आणि तिनं नुकताच त्याच्या कपाळाला हात लावून बघितलाय.

"काय गं?" फिरकीनं दप्तर कोपऱ्यात सारलं.

"दुकान बंद केलं म्हणतात."

"कुठलं, हे?"

"हे नाही. तुझं."

तुझं म्हणजे फोनमधलं. फिरकी समोरच्या स्टुलावर बसली ती थेट तिथल्या सुईच्या उशीवर, आणि 'आई गं' म्हणायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

फिरकी जन्मायच्या आधीपासून आई शिवणकाम करायची. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर, मध्ये एक पडदा, आणि तोही उरलेल्या तुकड्यांचा. पोरगी सतत गरगर फिरते म्हणून मशीनमधल्या फिरकीवरून आईनंच तिला हे नाव ठेवलं. मग गेल्या वर्षी आईच्या उजव्या मनगटानं मान टाकली. कात्री धरली की बोटांना मुंग्या, पेला उचलला की पेला खाली. डॉक्टर म्हणाले, मशीन विसरा. आईनं मान डोलावली, घरी आली, आणि मशीनवर चादर घालताना तिचा चेहरा असा झाला की फिरकीला वाटलं, आता काहीतरी केलंच पाहिजे, नाहीतर चादरीखाली मशीनच्या शेजारी आईही जाऊन बसेल.

म्हणून फिरकीनं डोकं लढवलं. आई कपडा बेतायची तो आधी कागदावर. फिरकीनं ती पेपर कटिंगं संगणकावर चढवली. मुलांचं जाकीट, घेराचा फ्रॉक, टोपीवाला कोट. ज्याला हवं त्यानं कार्डानं पैसे भरायचे, फाइल उतरवून घ्यायची, घरी छापायची, पानाला पान चिकटवायचं आणि कापडावर ठेवून कापायचं. पार्सल नाही, पोस्ट नाही.

"म्हणजे हवा विकायची," आई तेव्हा म्हणाली होती.

"हवाच विकायची तर माझ्याकडे ये," मामा म्हणाला होता. मामाचं समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. "पंप माझा, हवा माझी, निम्मी वाटणी तुझी."

पण हवा विकली गेली. लांबलांबच्या बायका आईच्या मापाचे कोट घातलेल्या पोरांचे फोटो पाठवायला लागल्या. आई ते फोटो मोठे करून खांद्याची शिवण बघायची आणि म्हणायची, "बसलाय बरं का." दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली आई पुन्हा कामावर गेली होती. आता ते काम कुणीतरी फोनमधूनच उचलून नेलं होतं.

फिरकीनं कंपनीची सूचना वाचली. ज्या कंपनीच्या आवारात ही असली हजारो दुकानं भरतात, तिनं कळवलं होतं: आपल्या मालाबद्दल वारंवार तक्रारी आल्यानं दुकान थांबवत आहोत. आज दुपारी आमच्या अधिकारी व्हिडिओवर बोलतील. खुलासा पटला नाही तर दुकान कायमचं बंद, आणि आपल्याला पुन्हा उघडता येणार नाही.

तक्रारी कसल्या, ते फिरकीला महिनाभर माहीत होतं. गिऱ्हाईक फाइल घ्यायचं, आणि मग आपल्या बँकेला सांगायचं की माल सदोष निघाला. बँक पैसे परत ओढून घ्यायची, वर दंड लावायची, आणि फाइल? फाइल त्याच्याचकडे. ती काय परत येते थोडीच. प्रत्येक वेळी फिरकी पानभर उत्तर लिहायची, माल चोख असल्याचं सांगायची, आणि प्रत्येक वेळी हरायची. का हरते, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं, कारण कंपनीनं पुरावे जोडले होते.

सगळ्या तक्रारींना एकच पुरावा होता. आईचा निरोप. 'आमचीच चूक, माफ करा. काय झालं ते सांगा, नीट करून देऊ.'

"हे तू लिहिलंस?"

"मग? बाई म्हणाली बाही बसत नाही. आधी माफी नको मागायला?"

"बघितलंस तरी का बाही बसते की नाही?"

"ते नंतर बघायचं असतं, बाळा."

फिरकीनं शिवणकामाच्या एका ऑनलाइन गटात आपल्या दुकानाचं नाव शोधलं. कशाला शोधलं असं तिला लगेच वाटलं. तिथं कुणीतरी हसरा चेहरा टाकून लिहिलं होतं, 'इथून घ्या आणि तक्रार करा. मालकीणबाई लगेच चूक कबूल करतात, बँक काही विचारत नाही. कोट छान येतो.'

कोट छान येतो. फिरकीनं ते पुन्हा वाचलं. चोरानं घर धुऊन न्यावं आणि जाताना दाराच्या रंगाचं कौतुक करावं, तसं.

मामा हात पुसत आला. त्याला सगळं सांगून झालं. तो म्हणाला, "हिला मी लहानपणापासून सांगतोय. भिंतीला डोकं आपटलं तर ही भिंतीची माफी मागते."

"तेव्हा भिंत नवीन रंगवलेली होती," आई म्हणाली.

"बघ. अजून भिंतीच्याच बाजूनं."

फिरकीनं ठरवलं, तालीम करायची. मामा अधिकारी, आई विक्रेती. मामा खुर्चीत ताठ बसला, हाताला ग्रीस तसंच. "हं बाई. तुमचा माल खराब होता का?"

"नाही," आई म्हणाली.

"ठणकावून," फिरकी म्हणाली.

"नाही."

"मग गिऱ्हाइकानं तक्रार का केली?"

"त्याला त्रास झाला असेल बिचाऱ्याला. माफ..."

"आई."

"तोंडातून गेलं गं. माफ कर."

मामा हसला. फिरकी हसली नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. दुकान गेलं तर आई काय करणार, हे तिला लख्ख दिसत होतं. ती चादर काढणार. मनगट गेलं खड्ड्यात म्हणणार आणि मशीनवर बसणार, आणि पुढच्या वर्षी तिला वेणीसुद्धा घालता येणार नाही.

"तुझ्या माफीनं दुकान खाल्लं," ती म्हणाली. म्हणायचं नव्हतं, पण जिभेला हाड नसतं. "मी रात्रंदिवस रेघा ओढल्या, आणि तू एका ओळीत सगळं चोरांच्या हातात दिलंस."

मामानं खाली बघितलं. आईनं टेबलावरचा खडू उचलला, डब्यात ठेवला, आणि पुन्हा काढून, जिथून उचलला होता तिथंच ठेवला. मग हळू म्हणाली, "चुकलंच माझं."

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दांत खरोखरची चूक होती, म्हणून ते ऐकवेना. फिरकी पडद्यामागे गेली, तोंडावर पाणी मारलं, आणि ती परत येते तोच फोन वाजला.

अधिकारी बाई मधल्या वयाच्या होत्या. मागं पांढरी भिंत, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर दिवसभर असलेच फोन केल्याचा शीण. "दुकानाच्या मालकीण आपण?"

"हो. ही माझी मुलगी. रेघा ती ओढते."

"हा निरोप आपण लिहिलात?"

"हो."

"सगळ्यांना?"

"हो."

"पेपर कटिंगमध्ये चूक होती?"

आईनं फिरकीकडे बघितलं. फिरकीनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. आई म्हणाली, "नव्हती," आणि तेवढ्या एका शब्दानं तिच्या कपाळावर घाम आला.

"नसलेली चूक आपण लेखी कबूल केलीत. का?"

इथं काय बोलायचं ते तालमीत नव्हतं. आई जराशी पुढे सरकली. "बाई, गिऱ्हाईक रागानं दुकानात येतं ना, तेव्हा ते छाती फुगवून उभं असतं. तेव्हा टेप लावला तर माप चुकतं. मी आधी त्याचा राग उतरवते. श्वास खाली गेला की मग माप. आमच्यात असंच करतात."

"ते दुकानात ठीक आहे," बाई म्हणाल्या. आवाज कडक नव्हता, पण वाकलाही नाही. "बँकेपुढे कबुली म्हणजे कबुली. आमच्या नियमात माप घेणं वगैरे काही नाही. आपल्याकडे दुसरा पुरावा..." आणि तिथं त्यांचं तोंड उघडं राहिलं. चित्र थिजलं होतं. मग आवाज खरखरला. "हॅलो? तुमचा आवाज तुटतोय."

"आमचीच चूक," आई म्हणाली. "माफ करा हं."

"नाही, नाही. आमच्याकडचंच नेटवर्क आहे, सकाळपासून."

मामानं डोळे मिटून घेतले. फिरकीनंही मिटले. गेलं दुकान. मग तिचे डोळे असे उघडले, जणू कुणी आतून ढकलले.

"मॅडम, एक मिनिट," ती म्हणाली आणि तिनं फोन आईकडून ओढला. "आत्ता आई काय म्हणाली, ऐकलंत ना? नेटवर्क तुमचं, माफी तिची. आता तेही आमच्याच नावावर लिहिणार का?"

बाईंनी पेन उचललं.

"तक्रार करणाऱ्यांनाच नाही, ती सगळ्यांना तेच लिहिते. थांबा." फिरकी आईचे जुने निरोप उघडून वाचायला लागली. "एकीच्या प्रिंटरची शाई संपली. आई: आमचीच चूक. एकीच्या मांजरानं बाहीचं पान फाडलं. आई: आमचीच चूक, माफ करा. एकीनं नुसतं लिहिलं, कोट फार सुंदर झाला. आई: उशीर झाला असेल तर माफ करा. फाइलला उशीर कसा होईल, मॅडम? ती तर पैसे भरल्याबरोबर मिळते. आणि त्या गटात लोक एकमेकांना काय शिकवतायत ते पण पाठवते. कोट छान येतो, असं त्यांनीच लिहिलंय."

बराच वेळ बाई काहीतरी टिपत होत्या. "मांजर?" त्यांनी मध्येच विचारलं.

"करडं होतं," आई म्हणाली. "फोटो आहे."

"सगळं पाठवा. सध्या एवढंच सांगते."

त्यानंतरची दुपार म्हणजे दुपार नव्हतीच. मामानं पंक्चर काढायचं सोडून उंबऱ्यात ठाण मांडलं. फिरकीनं फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला. कुणी जेवलं नाही.

उत्तर आलं तेव्हा ते तोडकं होतं. गेलेले पैसे गेले, तो प्रश्न बँकेचा. दुकान सुरू करत आहोत, देखरेखीखाली. ग्राहकांशी पत्रव्यवहार जपून करावा. अशी आणखी एक तक्रार मान्य झाली, तर पुन्हा संधी नाही.

"म्हणजे मानेवर सुरी ठेवून सोडलंय," मामा म्हणाला.

"सोडलंय ना," आई म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

संध्याकाळी पहिला निरोप आला. कुणीतरी जाकीट विकत घेतलं होतं, आणि लिहिलं होतं: बाही खांद्याच्या मुंढ्यात बसत नाही.

तिघंही फोनवर वाकली. चोर की साव, त्या ओळीवरून कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक चोराची पहिली ओळ अशीच होती, आणि ज्यांचं खरंच अडलं होतं त्यांचीही.

"सांग," फिरकी म्हणाली. "मी लिहिते."

आईनं तोंड उघडलं. फिरकीची बोटं थांबली. आईनं तोंड मिटलं. कपड्याला शेवटचा टाका घालून दोरा तोडताना करते तसं तिनं ओठ आवळले. "लिही. कुठल्या साइजचं पान छापलंत? मुंढ्याचा आणि बाहीचा फोटो पाठवा. बघून सांगते."

"बस?"

"बस."

फिरकीनं निरोप पाठवला. आईनं तिच्या हातातून फोन घेतला, टेबलावर पालथा ठेवला, आणि त्याच्या काळ्या पाठीवर दुखऱ्या हाताची बोटं टेकून अगदी हळू म्हणाली, "माफ करा हं."

"आई."

"हे कुठं त्यांना गेलं?"

फोन थरथरला. कुणीच तो लगेच सुलटा केला नाही.