व्याह्याच्या डोक्यावरची कानटोपी

मी कानटोपी बोलतेय. रंग तपकिरी, दोनी कानांवर झापडं, हनुवटीखाली बांधायला नाडी. दिसायला मी काय खास न्हाई. मला घातलेला माणूस लांबनं माकडावानी दिसतो, आन जवळ आला की खात्रीच पटती. पण लोणावळ्याच्या थंडीत कान शाबूत ठेवायचं असतील, तर शोभा जरा बाजूला ठेवावी लागती.

जन्मानं मी टोपी न्हाई. आदी मी स्वेटर व्हते. आख्खं न्हाई, खालचा घेर, पोटावर बसतो त्यो. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या रखमाजीचं स्वेटर. खऱ्या लोकरीचं. रखमाजी ते दिवाळीला अंगात घालायचा ते शिमग्याला काढायचा. मधी कुणी धुवायचं नाव काढलं, की म्हणायचा, "धुतलं की ऊब जाती." माझ्यात भाताचा भुसा व्हता, बिडीचा वास व्हता, एका जागी बिडीनं पाडलेलं भोकबी व्हतं. सुखात व्हते मी.

मंग रखमाजीच्या लेकीचं, सारिकाचं लगीन झालं. नवरा लोणावळ्याचा योहान. दोघं एकाच दवाखान्यात कामाला. माणसं ख्रिस्ती. गावात थोडे दिवस कुजबूज झाली, मंग लोकांना दुसरा इषय घावला. रखमाजीला धर्माचं काय वाटलं न्हाई. त्यो म्हणला, "पोरगा दारू पीत न्हाई, बिडी वढत न्हाई. आपल्यात असला शोधाय गेलो तर पोरगी म्हातारी व्हायची." त्याचा राग येगळ्याच गोष्टीवर. लग्नात व्याहीभेट झाली न्हाई.

आमच्या मावळात लग्नात दोनी बाप सगळ्यांसमोर एकमेकाला टॉवेल-टोपी घालत्यात आन गळ्यात पडत्यात. ते झालं की दोन घरं सोयरी झाली. चर्चमधी लगीन येळेवर लागलं, गाणी झाली, जेवणं सुरू झाली. टोपीचं कुणी नावच काढंना. झालं, रखमाजी रुसला. ताटावर न बसता उठला, आन रस्त्यापल्याड चिक्कीच्या दुकानासमोर कट्ट्यावर जाऊन बसला. मी त्याच्या अंगावरच व्हते, म्हणून सांगते.

आता रुसणं ह्ये आमच्यात दोघांचं काम असतं. एकानं रुसायचं, दुसऱ्यानं हाताला धरून आणायचं. "चला आबा, चुकलं आमचं," असं म्हणायचं. ह्यानं दोनदा नको म्हणायचं आन मंग उठायचं. रखमाजीनं त्याचं काम चोख केलं. दुसरं काम करायला कुणी आलंच न्हाई. योहानचा बाप शमुवेल रेल्वेतनं रिटायर झालेला, सरळ माणूस. त्याला वाटलं, शेतकरी हाय, भाताची मळणी चालू आसंल, गेला आसंल गडबडीनं. त्यानं रखमाजीच्या बायकोजवळ, शालूबाईजवळ, नवऱ्यासाठी डबा भरून दिला.

हिकडं चिक्कीवाल्यानं दोनदा इचारलं, "आबा, चिक्की देऊ का?" दिवसभरात तेवढीच काय ती मनधरणी.

रखमाजीनं घरी येऊन त्यो डबा खाल्ला. पण रागानं खाल्ला. हात धुतल्यावर म्हणला, "त्यो माझ्या दारात येऊन मला टोपी घालत न्हाई, तवर त्यानं माझ्या दारात यायचं न्हाई."

शालूबाई म्हणली, "अवो, मंग त्यो येणार कसा?"

"ते त्याचं त्यानं बघावं."

ह्ये शमुवेलला कळवायचंबी न्हाई, असा दंडक. सांगून टोपी घातली, तर त्यात मान कसला? त्यामुळं ज्याच्यावर राग, त्याला पत्ताच न्हाई. दर सणाला त्याचा निरोप यायचा, "रखमाजीभाऊंना नमस्कार सांगा." रखमाजी त्यो नमस्कार ऐकायचा आन कोंबड्यांकडं बघायचा.

पुढं सारिकाला दिवस गेलं. पहिलं बाळंतपण म्हंजी माहेरी. शालूबाईनं मागली खोली रिकामी केली, जुनी लुगडी धुऊन मऊ करून ठिवली. येईल त्या बाईला सांगायची, माझी पोरगी येणाराय. एक दिवस पोरगी आली, पण सांगायला आली.

"आई, मी हितं बाळंतपणाला येणार न्हाई."

"का गं? काय कमी पडलं?"

"माझ्या सासू-सासऱ्यांना ह्या घरात पाय ठेवता येत न्हाई, आन मी हितं बाळंत होऊ? नातवंडाचं तोंड त्यांनी कुटं बघायचं, नाक्यावर? आबांना सांग, रुसवा सोडा, न्हाईतर मी तिकडंच बरी."

रखमाजी वसरीवर बसून सगळं ऐकत व्हता. बिडी इझली तरी वढत व्हता. एकदा धरलेला रुसवा आपणहून सोडायचा, तर त्याला लाज वाटती. शालूबाई त्या दिवशी जेवली न्हाई. भाकरी दोघांच्याच केल्या व्हत्या, त्या तशाच ऱ्हायल्या.

जाता जाता सारिका एक बोलून गेली. नाताळ जवळ आलाय, आन तिच्या सासरी नाताळाला एकमेकाला भेटी देत्यात, पण सवताच्या हातानं केलेल्या. सासू, मार्थाबाई, काय काय इणती. सासरा बांबूच्या कामट्यांची चांदणी करतो. विकतचं दिलं तर सासरा हसून माघारी देतो.

शालूबाई चौथीपर्यंत शिकलेली. त्याच्यापुढं शाळेनं तिला न्हाई, तिनं शाळेला सोडलं. पण डोकं असं, की गावात कुणाची बकरी दुसऱ्याच्या गोठ्यात घावली, की लोक आदी तिच्याकडं बघत्यात. ती उठली, चुलीवर पाण्याचं पातेलं ठिवलं, पाणी खळखळ उकळलं, आन तिनं मला त्यात टाकलं.

लोकर उकळली की आटती, घट्ट हुती, आन मंग कातरली तरी उसवत न्हाई. ह्ये तिला ठावं व्हतं. मला न्हवतं. माझं सगळं आयुष्य आकसून गेलं. भुसा गेला, बिडीचा वास गेला. भोक तेवढं ऱ्हायलं.

"अगं, माझं स्वेटर कुटंय?" रखमाजीनं इचारलं.

"वाळतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा इचारलं. "वाळतंयच अजून. लोकरीचं हाय, येळ लागतो." तवर माझं तुकडं झालं व्हतं. बाह्यांचं मार्थाबाईसाठी हातमोजे झाले, बोटं उघडी ठेवलेले, म्हंजी घालून इणता यील. गळ्याच्या पट्टीची योहानच्या पाण्याच्या बाटलीला पिशवी झाली. घेराची मी झाले. आतनं जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, टोचू नये म्हणून. टाका असा बारीक, की मोजायला बसाल तर डोळं दुखतील. शालूबाई शिवताना गालातल्या गालात हसत व्हती, आन मधीच डोळं पुसत व्हती. स्वेटराची पाठ शिल्लक ऱ्हायली, ती फडताळात गेली.

नाताळाच्या दिवशी ती नवऱ्याला म्हणली, "पोरीला भेटून येते." आन पिशवी घेऊन लोणावळ्याला गेली. रखमाजी शाल गुंडाळून घरात ऱ्हायला. स्वेटर वाळत व्हतं ना.

शमुवेलचं घर चांदण्यांनी सजलेलं. करंज्या त्यांच्यातबी करत्यात, हे बघून शालूबाईला बरं वाटलं. सगळ्यांनी एकमेकाला भेटी दिल्या. शालूबाईनं मोजे दिलं, बाटलीची पिशवी दिली, आन शेवटी मला काढून शमुवेलच्या हातात ठिवलं.

"ही टोपी आमच्या ह्यांनी शिवलीया. सवताच्या हातानं. सवताचं स्वेटर कापून."

दूध आलंय बघा, असं सांगावं तशा आवाजात सांगितलं. सारिकाला करंजीचा ठसका लागला.

शमुवेलनं मला फिरवून फिरवून बघितलं. "मळणी सोडून हे करत बसले होते?" त्यानं मला डोक्यावर चढवलं, नाडी बांधली आन तसाच जेवला. ताट बाजूला सारून म्हणाला, "मार्था, आपण आत्ताच्या आत्ता औंढ्याला जाऊ. हे तोंडावर सांगायला हवं."

शालूबाईचा अंदाज हितं चुकला. तिला वाटलं व्हतं, माणूस फार तर निरोप धाडील, मंग ती त्यात तिखट-मीठ घालून दोनी बाजू शिजवील. आता सगळं घर रिक्षात बसलं. वाटंत तिला कट्ट्याची गोष्ट सांगावीच लागली. न्हाईतर ह्यो माणूस नुसता नमस्कार करून परत फिरला असता.

शमुवेल म्हणाला, "दोन वर्षं? आणि मला वाटलं मळणी."

मार्थाबाई म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला म्हटलं होतं त्या दिवशी, ते समोर बसलेत म्हणून. तुम्ही म्हणालात, चिक्की घेत असतील."

बाकीचं, म्हंजी मला शिवलं कुणी, ते शालूबाईनं सांगितलं न्हाई. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. रखमाजी तोंडावर म्हणला, 'मी कसली टोपी शिवली न्हाई,' की संपलं. पोरगी कायमची नाक्यावरनंच भेटायची.

रखमाजी अंगणात उन्हाला बसला व्हता. रिक्षातनं व्याही उतरताना बघून उठला. उठल्याचं ध्यानात आलं, तसा परत बसला. मंग त्याची नजर माझ्यावर पडली. भोकावर येऊन थांबली. माझ्या जुन्या मालकानं मला वळखलं.

"ह्ये..." त्यो म्हणला.

"हो, हीच," शमुवेल म्हणाला. "रखमाजीभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला कट्ट्यावरून आणायला यायला हवं होतं. मला रुसवा ओळखता आला नाही, माझी चूक. आणि तरी तुम्ही माझ्यासाठी अंगावरचं स्वेटर कापलंत."

रखमाजीनं बायकोकडं बघितलं. बायको शेजारच्या कोंबड्यांकडं बघत व्हती. त्यानं लेकीकडं बघितलं. लेक दोनी हात पोटावर धरून उभी.

"व्हय," त्यो म्हणला. "कापलं. मंग? तुमच्यात थंडी लय असती."

शालूबाईनं श्वास सोडला. लवकर सोडला.

"आता मीपण तुम्हाला हातानंच करून देणार," शमुवेल म्हणाला. "हा टाका कसा घातलात, मला शिकवा."

आता आली का पंचाईत! रखमाजीनं बोटात सुई धरली असती तर सुईच लाजली असती. पण शालूबाई घरात गेली, फडताळातनं स्वेटराची पाठ काढली, आन संगं सुईदोरा न आणता दाभण आन सुतळी आणली.

"बारीक सुई हरवलीया. ह्याच्यावरच दाखवा."

दाभण हातात आल्याबरोबर रखमाजीचा चेहरा बदलला. भाताच्या पोत्यांची तोंडं त्यानं आयुष्यभर शिवलेली. "असं धरायचं. हितनं खुपसायचं, तितनं काढायचं. वढा! आवो जोर लावा, हे काय रेल्वेचं तिकीट हाय व्हय?" शमुवेल वढत व्हता, घामाघूम झाला व्हता, रखमाजी वरडत व्हता, योहान फोटो काढत व्हता. चहा दोनदा झाला. कसली तरी टोपी तयार झाली. पोत्याचं तोंड जसं असतं, तशी. शमुवेलनं ती रखमाजीच्या डोक्यावर ठिवली. एका बाजूनं ती कानाखाली आली, दुसऱ्या बाजूनं डोक्यावरच थांबली.

रखमाजी गळ्यात पडला, तवा माझी आन त्या नव्या टोपीची लोकर एकमेकावर घासली. बहीणच ती माझी.

"पोरीला न्यायला मी यीन," रखमाजी व्याह्याला म्हणला. "आन तुमी हितं पाहिजे तवा यायचं. इचारायचं न्हाई." सारिका घरात गेली आन मागल्या खोलीत रडून घेतलं.

निघताना शमुवेलनं मला डोक्यावरनं काढलं, नाडीचा गुंता सोडवायला म्हणून उलटी केली. आतला टाका बघितला. मंग रखमाजीच्या डोक्यावरची सुतळी बघितली. मंग शालूबाईकडं बघितलं. शालूबाई पदरानं भांडं पुसत व्हती, कोरडंच. शमुवेलनं मला परत सुलटी केली, डोक्यावर घातली आन नाडी नीट घट्ट बांधली. ह्या माणसाला रुसवा कळत न्हाई, बाकी सगळं कळतं.

सारिकाला फाल्गुनात मुलगी झाली, औंढ्याला, मागल्या खोलीत. आता ती रांगती. शमुवेल रविवारी चर्च झालं की येतो, उन्हाळ्यातबी मला खिशात घालून. पोरगी माझं एक झापड चघळती. भोक आता तिच्या बोटाएवढं झालंय. आंगठा घालून बसती त्यात.

रखमाजी येईल त्याला मी कशी शिवली ते सांगतो. पहिल्यांदा नुसतं शिवल्याचं सांगायचा. मंग बोटाला सुई टोचल्याचं आलं. परवा शेजारच्या सरूबाईला सांगत व्हता, की स्वेटर उकळायची युक्तीबी त्याचीच. सारिका हसू दाबून आईकडं बघती. शालूबाई चहा गाळता गाळता म्हणती, "व्हय तर. ह्यांचा टाका लय बारीक."

तवा माझी तुमाला इनंती एकच. कधी औंढ्याला आलात आन शमुवेलच्या डोक्यावर मी दिसले, तर माकड म्हणा, काय वाटंल ते म्हणा. रखमाजी सांगाय लागला, तर पुरतं ऐकून घ्या आन मान हलवा. पण मला उलटी करून बघू नका.