फराळाचे ताट पारड्यात

मित्रांनो, तापीकाठच्या प्रकाशा गावात एका कोठारात खुंटीला टांगलेला जुना पितळी तराजू, तो मी. माझ्या दांडीवर हिरवट डाग पडले आहेत. तरी जवळून कुणी गेले, तर नुसत्या वाऱ्यानेही माझी पारडी थरथरतात. ही थरथर म्हातारपणाची नव्हे. ती एका पावसाळ्यात लागलेली सवय आहे.

मला शहाद्याच्या गफूर कारागिराने घडवले. एकाच पत्र्यातून दोन पारडी कापून तो ती कानशीने घासत राही. जड भरलेले घासायचे, टांगायचे, पुन्हा पाहायचे. शेवटी त्याने पारडी अदलाबदल करून पाहिली, तरी दांडी आडवीच राहिली. "अब कोई भी तोले," तो म्हणाला. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

गिरधर नावाच्या शेतकऱ्याने मला विकत नेले. त्याच्या घरी मी हळद तोलली, तीळ तोलले, मिरच्या तोलल्या. ती सुखाची वर्षे होती.

मग गिरधरच्या आईच्या, जसोदाबाईच्या, बेंबीजवळ गाठ फुगू लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितले, हा हर्निया आहे, आतडे अडकले तर जीव जाईल. शस्त्रक्रिया हवी. पण जसोदाबाईंचा देह फार जड होता. एवढ्या वजनावर भूल दिली तर हृदय झेपणार नाही, म्हणून दिवाळीपर्यंत वजन उतरवून या, असे ते म्हणाले. अन्नातून किती उष्णता मिळते ते उष्मांकांत मोजतात, हेही त्यांनी समजावले. भाकरी, भात, गूळ अगदी थोडे. मूग, ताक, पालेभाजी पोटभर. भाकरीचा प्रत्येक तुकडा तोलूनच खायचा.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात आलो. गिरधरची बायको निर्मलाबाई माझ्यावर भाकरी तोलू लागली. जसोदाबाई पानाकडे बघून म्हणत, "पाला खाई खाई मी बकरी व्हई जासू, वं!" आणि सगळे हसत.

महिन्याने गिरधर आईला शहाद्याच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, घेऊन गेला. तिथे कापसाच्या गठाणी तोलायचा मोठा काटा होता. "मन्ही गठाण कोन इकत लेई?" असे म्हणत जसोदाबाई काट्यावर चढल्या. उतरल्या तेव्हा कुणीच हसत नव्हते. वजन तसूभरही कमी झाले नव्हते.

घरी परतल्यावर शेजारच्या कौसाबाईने दारातूनच टोमणा मारला, "जसोदा, वहू गोड बोलस खरी. पन तोलतांना बोट लावस का, जरा देखत जाय."

निर्मलाबाईचा चेहरा उतरला.  गिरधरने मला उचलून उजेडात धरले आणि म्हणाला, "हाऊ काटाच खोटा शे."

मित्रांनो, खरे सांगूनही खोटा ठरणे काय असते, ते मला तेव्हा कळले. गिरधरने आईची भाकरी निम्मी केली. पुढच्या महिन्यातही वजन हलले नाही, तेव्हा पुन्हा निम्मी. पारड्यात एवढासा तुकडा पडला की माझी दांडी थरथरू लागे. चुलीपुढून उठताना जसोदाबाईंना अंधारी येई. गाठ मात्र वाढतच होती, आणि दिवाळी जवळ येत होती.

श्रावणात जसोदाबाईंनी आणखी उपास धरले. सोमवार-गुरुवार आधीपासूनचे होतेच, त्यात शनिवार आले. उपासाला भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेली रताळी, गूळ घातलेला राजगिरा. हे ताट माझ्याजवळ कधीच आले नाही. माझ्या पारड्याला धान्याची भाकरी लागलेली. त्यात फराळाचे ठेवले तर उपास मोडेल, असा घरचा नेम होता. एकदा निर्मलाबाईने विचारले, तेव्हा जसोदाबाई चकित झाल्या. "उपासनं काय तोलनं? ते काय जेवन शे?" त्यांनी चोरून कधी घासही खाल्ला नव्हता. उपासाने अंग झिजते, असाच त्यांचा विश्वास होता.

मी सगळे पाहत होतो. पण तराजूला तोंड नसते. पारड्यात ठेवाल तेवढेच तो बोलतो.

एका सोमवारी जसोदाबाई तोल जाऊन उंबऱ्याशी बसल्या आणि पोट धरून कण्हल्या. कळ थोड्या वेळाने ओसरली. निर्मलाबाईने मला खाली उतरवले, चिंचेने आणि राखेने घासले, विहिरीच्या पाण्याने धुतले. मग सासूसमोरच फराळाचे ताट पारड्यात ठेवले. दुसऱ्या पारड्यात तसलेच रिकामे ताट आणि रोजच्या भाकरीची वजने होती, ते झटक्यात वर उडाले.

"काय करी ऱ्हायनी तू? मन्हा उपास मोडना!"

"माय, देख. भाकरनं वजन कोठे, अन् हाई कोठे! भगर-गूळबी भाकरसारखंच अंगले लागस."

जसोदाबाईंनी आणखी वजने टाकायला लावली. पारडे वरच. 

"मंग देवले काय सांगू?"

"देवले दूध चालस, ताकबी चालस. भगरच पाहिजे अशे देव कव्हय म्हनना?"

पुढचा उपास दुधाताकावर झाला, तोही तोलून. निर्मलाबाईने भाकरीचा तुकडा पुन्हा डॉक्टरांनी सांगितला होता तेवढा केला. गिरधर दारात उभा होता. त्याने मान खाली घातली. अंधारी येणे थांबले, आणि जिनातल्या काट्यावर वजन पहिल्यांदा उतरले. तरी बैलगाडी धुळ्याला निघाली, तेव्हा वजन पुरेसे उतरले की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. रिकाम्या घरात माझी पारडी हलत राहिली.

जसोदाबाई परत आल्या. आवाज बारीक झाला होता, गाठ गेली होती. ओट्यावर टेकल्यावर त्यांनी सुनेकडे निरखून पाहिले. त्या काळजीच्या महिन्यांत निर्मलाबाईच्या गळ्याची हाडे वर आली होती, आणि ते कुणीच तोलले नव्हते. जसोदाबाईंनी स्वतः ताट वाढले, भाकरीवर लोणी ठेवले आणि तिच्यापुढे सरकवले.

"खाय. तुन्हं मी तोलाव नही."

मित्रांनो, मी पुढे कोठारात गेलो आणि विसरला गेलो, त्याचे दुःख नाही. एवढेच मागतो: आकडा मनासारखा आला नाही, तर भीतीने कुणाचे ताट कापू नका. पारड्यात काय ठेवायचे राहिले ते आधी शोधा. आणि तोलणाऱ्या माणसाने जेवण केले का, तेही विचारा.