माझ्यावर बसून मला शोधणारे

मी काडतुसांची पेटी बोलतेय. जाड पत्रा, हिरवा रंग, झाकणाला रबराची पट्टी, आत पाण्याचा थेंब शिरणार नाही. जन्मले फौजेसाठी, आणि आज माझ्या पोटात काय आहे? प्लॅस्टिकचा बेडूक, किल्ल्यांच्या दोन साखळ्या, एक वाकडा चमचा आणि एक वही. हसू नका, माझं हसून झालंय.

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या एका टेकडीवर व्हर्नाने मला नऊ वर्षांपूर्वी लपवलं. व्हर्ना जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेली, ट्रेलरमध्ये एकटी राहणारी, तोंडाने फटकळ बाई. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने पेटी लपवायची, तिचा ठावठिकाणा आकड्यांत नेटवर टाकायचा, बाकीच्यांनी फोन हातात धरून ती हुडकायची. सापडली की वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. माणूस कसा आहे ते इथे बरोबर कळतं. चांगला टॉर्च उचलतात, रबरबँड ठेवतात, आणि वर वहीत लिहितात, 'खूप मजा आली!'

व्हर्नाच्या अशा अकरा पेट्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, टेकड्या चढणं सुटलं, तशा तिने दहा काढून आणवल्या. उरले मी. माझ्याबद्दल कुणी नेटवर 'सापडली' लिहिलं की सकाळच्या कॉफीबरोबर ती ती ओळ दोनदा वाचते. पण लागोपाठ तिघांनी 'सापडली नाही' लिहिलं, तर खेळावर देखरेख करणारी मंडळी तिला नोटीस धाडतात. महिन्याभरात स्वतः जाऊन बघा, नाहीतर पेटीचं नाव यादीतून कापू. दोघांनी लिहून झालं होतं.

आणि अशा नेमक्या वेळी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, ही तीन रत्नं उगवली.

ट्यूसॉन शहरातल्या एका टायरच्या दुकानात तिघं बरोबर कामाला. खेळाचा पहिलाच दिवस. पुढे ओटिस, पायात कोरे करकरीत बूट, चेहऱ्यावर चंद्रावर उतरल्याचा भाव. मागे शेला, सतत बोलणारी. शेवटी रुबेन, खांद्याला चिप्सची पिशवी. नीट पायवाट होती, पण फोनमधला बाण सरळ रेघेत दिसतो ना, मग हेही सरळ काटेरी झुडपांतून!

"चौदा फूट!" ओटिस ओरडला. "आता अकरा. आता... सव्वीस?"

"अरे, पेटी पळतेय की काय?" शेला म्हणाली.

"गप बस गं. उपग्रहाला कळायला वेळ लागतो."

"मग तुझं आणि त्याचं चांगलं जमेल."

मग ओटिसने वाळू उकरायला घेतली. पेटी पुरायची नाही, हा या खेळाचा अगदी बाळबोध नियम. मी जमिनीवरच होते, कपारीत, अंगावर सात चपटे दगड रचलेले. दगड आपणहून रांगेत निजतात का? मुरलेला खेळाडू ते बघताच ओळखतो. आमच्या रुबेनसाहेबांनीही बघितले. त्यांना ती बसायची सोय वाटली. माझ्या डोक्यावर बसून हा माणूस कुरुमकुरुम चिप्स खात मित्राला विचारतो, "ओटिस, त्या झाडापाशी बघितलंस का रे?"

तास गेला. ओटिसचं नाक लाल झालं होतं, आणि मिजास उतरली होती. "कुणीतरी चोरली असणार. लिहितो, सापडली नाही." आणि त्याने फोनवर ते टाकलंसुद्धा. तिसरं. मी आतल्या आत जळफळले, पण पत्र्याचं कोण ऐकतं?

रुबेन उठला तो थेट चोया निवडुंगावर टेकला. काट्यांचा गोळा मांडीला चिकटला आणि स्वारी बोंबलत नाचायला लागली.

"हात लावू नकोस!" म्हणत शेलाने कंगवा काढला आणि गोळा झटक्यात उडवला. तेवढ्यात त्याची लाथ दगडाला बसली आणि दगड माझ्या पत्र्यावर आपटला. ठण्ण!

"थांबा," शेला म्हणाली. "दगड असा वाजत नाही."

मग काय विचारता! मिठ्या, आरोळ्या, फोटो. वहीत तिघांनी नावं लिहिली, तारीख टाकली, वाकडा चमचा जागच्या जागी ठेवला. जाताना सातही दगड रुबेनने होते तसेच रचले. एवढं मी मान्य करते. पण नेटवरचं 'सापडली नाही' बदलायचं कुणालाच सुचलं नाही. वहीत नाव लिहिलं म्हणजे काम फत्ते!

बारा दिवसांनी खडीवर काठीचा आवाज आला. एक नव्हे, दोन काठ्या. व्हर्ना. धडधाकट माणसाला जिथे पाऊण तास लागतो, तिथे तिची अख्खी सकाळ गेली होती. खाली बसताना ती कण्हली. एकेक दगड तिने बाजूला केला. मी नसेन असंच धरून ती आली होती.

"आहेस की गं, म्हातारे!"

तिने वही उघडली, तिघांची नावं आणि तारीख वाचली, मग फोनवरच्या शेवटच्या 'सापडली नाही'ची तारीख पाहिली. दोन्ही एकच.

"गाढवांनो! सापडूनही नाही म्हणून लिहिलंत? या खुब्यासकट मला इथवर चढवलंत?"

ती शिव्या देत हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने वही मिटून परत माझ्या पोटात ठेवली. "आता पुन्हा माझ्याच्याने येणं नाही," ती मला म्हणाली. "पण यांना सोडत नाही. यांनाच कामाला लावते."

नेटवरून तिने तिघांना गाठलं. या खेळात आपली पेटी दुसऱ्याला दत्तक देता येते. माझं नशीब बघा, कागदोपत्री आज माझा मालक कोण? रुबेन! माझ्यावर बसून चिप्स खाल्लेला माणूस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो आणि अजूनही आधी माझ्यापुढून सरळ निघून जातो.

तुम्हाला एकच विनवणी. मला शोधायला याल तर डोकं घरी ठेवून येऊ नका, आणि सापडले तर तसं नेटवर लिहा. कुणीतरी ते वाचायला बसलेलं असतं.

रविवारी रुबेन एकटा येत नाही. पायथ्याशी त्याची गाडी उभी असते, आणि पुढच्या सीटवर व्हर्ना. तो वर पोचला असेल असं वाटलं की ती हॉर्न वाजवते. मग हा मठ्ठ माणूस मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरतो, तिला खालून दिसावी म्हणून. मी काही हलकी नाही. त्याचे दंड भरून येतात, घाम डोळ्यांत जातो. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्याची टर उडवावीशी वाटत नाही. खालचा हॉर्न थांबेपर्यंत तो मला खाली ठेवत नाही.