गाव विचारायचं राहिलं

आमच्या मुर्री गावात लोक माझ्या तोंडाला भितात. शिव्यांमुळे नाही, रुखवतामुळे. कोणी म्हणालं की यंदा धान उशिरा निसवलं, की मी म्हणणार, हो ना, लोंब्या मिळायला उशीर झाला. मग लोंब्यांवरून तोरण, तोरणावरून रुखवत, आणि लगेच मोबाईल बाहेर. लग्नात मुलीकडून मांडायच्या शोभेच्या वस्तू मी करते. धानाच्या लोंब्यांची तोरणं, सुपारीचे नवरा-नवरी, मखमलीवर मोत्यांनी भरलेली नावं. दुकान नाही, पाटी नाही. बचत गटाच्या प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं, "रोजच्या बोलण्यातूनच धंदा वाढवायचा." ते मी इतकं मनावर घेतलं की एका तेरवीच्या पंगतीतही शेजारच्या बाईला तोरणाचे फोटो दाखवले. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

आमच्या भिंतीला भिंत लागून मुन्नीबाईचं घर. तिची मुलगी गुंजन माझ्या अंगणात खेळून मोठी झाली. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, तेव्हा लाल मखमलीच्या पट्टीवर मीच 'गुंजन-प्रफुल' भरलं. लग्नाला महिना उरला आणि प्रफुलने दुसरीशीच लग्न केलं. पोरीचा काडीचा दोष नव्हता. तरी लोक तिच्याकडेच निरखून पाहायचे, हिच्यात काय खोट म्हणून.

यंदा तिरोड्याकडचा लीलाधर तिला पसंत पडला. चोरखमारा तलावाच्या पाण्यावर त्यांची शेती. गुंजन पुन्हा हसायला लागली होती, मी पाहिलं होतं. गुंजनचे वडील हिरालालभाऊ म्हणाले, मागचं काही आत्ता सांगायचं नाही, लग्न झाल्यावर पाहू. ते बरोबर की चूक, मला कोणी विचारलं नाही. मुन्नीबाईने पट्टी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "नाव बदलून दे. आन् कोनाजवळ बोलू नको वं."

"मी कायले बोलू?" मी म्हटलं.

प्रफुलचा एकेक मोती उसवला. मखमलीवर सुईची भोकं राहिली होती. ओलं फडकं ठेवून वाफ दिली, दात घासायच्या ब्रशने हळूहळू लव उभी केली. लीलाधर नाव लांब, अक्षरं दाटीने बसवावी लागली. पण काम असं उतरलं की माझंच मला खरं वाटेना. आधीचा फोटो होताच, नंतरचाही काढून ठेवला.

पुढच्या आठवड्यात दाढ दुखते म्हणून गोंदियाला दवाखान्यात गेले. गाल सुजला होता, तरी तोंड बंद नव्हतं. बाकावर शेजारी एक बाई बसली होती. ती म्हणाली, "लवकर नंबर लागला तर बरं, आमच्या घरी लग्न हाये." एवढं पुरे होतं मला.

"मंग हे पाहा बाई," म्हणत मी दोन्ही फोटो दाखवले. "पहिले दुसरं नाव होतं. आता ओळखू येते का?"

तिने मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. "दुसरं नाव कायचं होतं?"

"पहिली सोयरीक मोडली ना पोट्टीची. आमच्या शेजारचीच हाये, मुर्रीची. आता तिरोड्याकडे जुळलं. मी असं करून देल्लं का कोनाले पत्ता लागनार नाई."

ती बाई बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मी माझा नंबर दिला. तिने तो घेतलाही.

चार दिवसांनी मुन्नीबाई रडत दारात आली. लीलाधरच्या घरच्यांनी नकार कळवला होता. "तुमी लपवलं मने आमच्यापासून. त्याची मावशी गोंदियाहून आली, तवापासून बिनसलं. कोनं सांगतलं तिले, ते काई सांगत नाई."

दवाखान्यातल्या त्या बाईचं गाव मी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे दोन बाया शेजारी बसल्या की पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघतं. म्हाताऱ्या बाया बसमध्ये हेच करतात आणि मगच बोलायला लागतात. मीही करायची. मोबाईलमध्ये फोटो आले तेव्हापासून सोडलं.

मुन्नीबाईने मनाशी ठरवूनच टाकलं की हे तिच्या जावेचं, देवकाबाईचं काम. हँडपंपावर सगळ्यांसमोर तिला नाही नाही ते बोलली. देवकाबाईने लेकरांच्या डोक्याची शपथ घेतली. मुन्नीबाईने ऐकलं नाही, येणं-जाणं तोडलं. मी तिथेच पाण्याचा गुंड भरत उभी होते. गुंड भरून वाहू लागला, तेव्हा तो उचलून मी घरी निघून आले. माझी मलाच किळस आली.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी गुंजन आली. मखमलीची पट्टी तिने माझ्यापुढे ठेवली.

"उसवून द्या काकू."

मी कात्री घेतली. एकेक मोती सुटू लागला. ती समोर बसून पाहत राहिली, मग म्हणाली, "लीलाधरचा फोन आल्ता. मावशीनं फोटो पाह्यला, मने. दवाखान्यात."

मोती खाली सांडले. मला तिच्याकडे पाहवेना. "गुंजन, मी..."

"मायले नाई सांगतलं मी."

"काऊन?"

"देवकाकाकूसंग बोलनं तुटलं तिचं. दुसऱ्या बायांवर बी तिले शक येते. तुमी एकल्याच राह्यल्या." ती उठली. "तुमाले बी सोडलं, तं माय बोलन कोनासंग?"

ती गेल्यावर मी पट्टीला वाफ दिली, ब्रश फिरवला, पुन्हा वाफ दिली. दुसऱ्यांदा लव उठली नाही. दोन्ही नावांची भोकं एकमेकांत मिसळून दिसत राहिली.

दिवस कलल्यावर मुन्नीबाई नेहमीसारखी ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "काय नवीन करून राह्यली, योगेश्वरी? तुह्या एवढ्या ओळखी. पोट्टीच्या सोयरिकीचं कोठं बोलून पाह्यजो."

मी बरं म्हटलं आणि तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेले.