डावीकडे कलणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शीड, वल्ही आणि डांबर फासलेलं लाकूड आलं असेल, तर ते आधी पुसून टाका. मी फायबरची आहे. पांढरा रंग, कडेने निळा पट्टा, पाच माणसं बसतील एवढं अंग आणि मागे इंजिन टांगायची जागा. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. धक्क्याला बांधलं की मी दोर ओढायचे, सैल सोडायचे, पुन्हा ओढायचे, धक्क्यावर लटकवलेल्या टायरांना अंग घासायचे. पण शेवटचं वर्षभर माझ्या जिवाची जी घालमेल चालली होती, ती स्वभावामुळे नव्हती. तिचं कारण मला ठाऊक होतं आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. तीच गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दोन कारागीर होते, एक बोलका आणि एक शिंकरा. साच्यात फायबरचं कापड अंथरायचं, त्यावर ब्रशने उग्र वासाचं रसायन चोपडायचं, रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, असं थरावर थर करत त्यांनी मला घडवलं. शिंकरा शिंकला की बोलका म्हणायचा, "अरे, बुडबुडे काढ म्हटलं, घालू नकोस!" माझी मागची भिंत मात्र नुसत्या फायबरची नाही. तिच्या पोटात जाड लाकडी फळी आहे. इंजिन त्या भिंतीवर टांगतात, त्यामुळे सगळा भार तिच्यावर. बोलक्याने ती फळी चहूबाजूंनी बंद केली, थोपटली आणि म्हणाला, "हिला पाणी लागलं नाही तर ही आपल्यापेक्षा जास्त जगेल." ते वाक्य मी विसरले नाही. ते ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते तेव्हा तिथे नव्हते.

मला घेऊन गेलं ते चौघांचं कुटुंब. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. आई दातांच्या दवाखान्यात कामाला होत्या. बाबांच्या आई, म्हणजे आजी, मासेमारीच्या वेड्या. आणि एक पाच वर्षांची मुलगी, जी चालण्यापेक्षा गरगर फिरायचीच जास्त, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. मला ते अंगणात गाडीच्या ट्रेलरवर ठेवायचे. रविवारी तलावावर आणायचे, उतारावरून पाण्यात सोडायचे, सगळे चढायचे, संध्याकाळी सगळे उतरायचे आणि मला लगेच ट्रेलरवर ओढायचे. ही पद्धत लक्षात ठेवा. पाण्यात मी रिकामी अशी कधी राहिलेच नाही.

ती पहिली वर्षं काय सांगू! सकाळी आजी गळ टाकून बसायच्या आणि माशांना दरडावायच्या, "आता येतोस की मी येऊ खाली?" दुपारी भिंगरीचं राज्य. आधी ती हवा भरलेल्या टायरवर बसून ओढून घ्यायची, मग फळीवर पोटावर झोपून, मग एक दिवस उभी राहिली. मी पुढे, मागे दोर, दोराच्या टोकाला ती किंचाळते आहे आणि पाण्याचे फवारे उडताहेत. बाबा वळूनवळून बघायचे आणि आई ओरडायच्या, "अहो, समोर बघा, समोर!"

तर एकदा त्यांनी समोर बघितलं नाही. माझी डावी बाजू धक्क्याच्या दगडावर आपटली आणि हातभर चीर गेली. ज्याच्याकडे दुरुस्तीला दिलं तो माणूस हात राखून काम करणारा नव्हता. त्याने डाव्या अंगाला इतके थर चढवले की मी त्या बाजूला जडच झाले. तेव्हापासून मी डावीकडे कलते. घरच्यांच्या हे लक्षात आलं का? मुळीच नाही. पण त्यांच्या अंगाला ते कळलं. आई आपसूक उजवीकडे सरकल्या. आजींनी माशांचा डबा उजवीकडे हलवला. बर्फाची पेटी, पेट्रोलचा कॅन, भिंगरीची फळी, सगळं उजवीकडे गेलं आणि मी पुन्हा सपाट चालू लागले. पुढची सगळी वर्षं ते असेच बसत आले. कुणी विचारलं असतं, तर चौघांनीही शपथेवर सांगितलं असतं की आम्ही मधोमध बसतो.

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जड जातं. आजींना गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला दोन नळ्या हव्या होत्या. बाबांनी एका रविवारी घाईघाईने माझ्या मागच्या भिंतीला चार भोकं पाडली, स्क्रू पिळले आणि निघाले. पाणी आत जाऊ नये म्हणून भोकांत भरायचा मसाला घरी विसरला होता. "पुढच्या रविवारी भरू," ते म्हणाले. तो रविवार आलाच नाही. बाबांना आळशी म्हणू नका. ते दिवसभर लोकांच्या लिफ्टचे दोर तपासायचे. आपल्या घरच्या चार भोकांकडे बघायला वेळ उरत नसे, एवढंच.

पाणी घाई करत नाही. थेंब थेंब आत गेलं. वर रंग शाबूत, निळा पट्टा शाबूत, आणि आत फळी मऊ पडत चालली. पुढे तर अंगणात मला झाकायचं कापड फाटलं आणि पावसाचं पाणी महिनामहिना माझ्यात साचून राहू लागलं. भिंगरी सोळा वर्षांची झाली होती. ती दोराला लटकली की इंजिन मान डोलावल्यासारखं पुढे-मागे हलायचं. बाबा म्हणायचे, "म्हातारं झालंय बिचारं." इंजिन ठणठणीत होतं हो! भिंत त्याला सोडत होती.

आणि मी काय केलं? मी आवाज दाबला. प्रत्येक ओढीला मला करकरावंसं वाटायचं आणि मी ओठ घट्ट मिटून गप्प राहायचे. करकरणाऱ्या वस्तूंचं काय होतं ते मी अंगणातच पाहिलं होतं. जुनी सायकल करकरली आणि गेली. शिलाई यंत्र करकरलं आणि गेलं. मला जायचं नव्हतं. मात्र मनात एकच चित्र यायचं: दोराला भिंगरी, भर तलावात आम्ही, माझी मागची भिंत इंजिनासकट उखडली आहे आणि त्या भगदाडातून पाणी आजींच्या पायांशी आलं आहे. ट्रेलरवर असतानासुद्धा मला चैन पडेना.

एका शनिवारी आई म्हणाल्या, "आता नवी बघू या. या इंजिनात भिंगरीला ओढायचा दम राहिला नाही आणि आईंचे गुडघे कडेवरून चढू देत नाहीत." तलावाच्या पलीकडच्या काठावर होड्यांचं दुकान होतं. जुनी द्यायची आणि नवी घ्यायची म्हणून सगळे माझ्यातच बसून तिथे गेले. मला धक्क्याला बांधलं आणि चौघे उतरले.

विक्रेता काळा गॉगल लावलेला, हसतमुख पोरगेला माणूस. त्याला प्रत्येक होडीचे आकडे पाठ होते, पण पाण्याचा गंध नव्हता. पहिली होडी त्याने दाखवली ती चकचकीत, लाल, वाऱ्यासारखी पळणारी. भिंगरी तर तिच्यात जाऊन बसलीच. आजींनी चौफेर पाहून विचारलं, "आणि मासा कुठे ठेवायचा? मांडीवर?" दुसरी खास मासेमारीची. डबे, नळ्या, जिवंत मासे ठेवायची टाकी, सगळं होतं. पण दोर बांधायला खांब नव्हता आणि मागे चढायला जागा नव्हती. आता भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. आई म्हणाल्या, "दोघींपैकी कुणीतरी रुसणार असेल, तर मी लिफ्टने घरी जाते." बाबा हसले नाहीत.

तिसरी मात्र बघताच मला कळलं, आता माझं संपलं. रुंद, उथळ, मागे पायरी, धरायला दांडा, काठ्यांच्या नळ्या, पेटी आणि मधोमध दोराचा उंच खांब. ती यांच्यासाठीच केलेली होती. बाबा म्हणाले, "पाण्यात बघू. आणि रिकामी नाही बघायची, आपल्या सामानासकट बघायची." मग माझ्यातलं सगळं बिऱ्हाड उचलून तिच्यात गेलं. पेटी, कॅन, डबा, फळी. आजींचे गुडघे दुखत होते. त्या धक्क्याच्या बाकावर थर्मास घेऊन बसल्या.

होडी निघाली आणि मी बघतच राहिले. पेटी उजवीकडे. कॅन उजवीकडे. आई उजवीकडे, भिंगरी त्यांच्या मागे, बाबांचं स्टिअरिंग तर होतंच उजवीकडे. ती बिचारी नवी होडी उजव्या कुशीवर झोपून चालली होती! गॉगलवाला मधोमध उभा राहून सांगत होता, "वाऱ्यामुळे साहेब, वाऱ्यामुळे." वारा पडलेला होता.

ते परत आले तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. "ही कलते. माझ्या मुलीला मी असल्या होडीच्या मागे बांधणार नाही. आपली जुनीच बरी. निदान सरळ तरी चालते." आईंनी मान हलवली. भिंगरी म्हणाली, "मग जाता जाता मला एक फेरी मारून न्या. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे माझी." बाबा हो म्हणाले.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला आनंद झाला. नव्या होडीला नाकारलं आणि मला सरळ म्हटलं! माझी कॉलर ताठ झाली म्हणा ना. आणि लगेच ते ऐकू आलं, "एक फेरी." आज. आत्ता. त्या मऊ भिंतीवर.

बाकावर आजी होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला पाण्यात रिकामी बघत होतं. पण मी नेहमीसारखी हेलकावे घेत होते आणि हेलकाव्यांत कल कुणाला दिसणार? मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते करायचं होतं. स्वस्थ राहायचं होतं. मी दोर घट्ट ताणून धरला. लाटा येत होत्या, त्यांना अंग दिलं नाही. जो दोष मी इतकी वर्षं मिरवला नाही, तो मी तसाच उघडा ठेवला: डावी कड खाली, उजवी वर.

एक मोठी लाट आली आणि मी हलले. पुन्हा सावरले. आजींनी कप बाजूला ठेवला. डोळे बारीक केले. मग उठल्या.

"अरे, इकडे ये जरा," त्यांनी बाबांना हाक मारली. "ही सरळ चालते म्हणालास ना? बघ हिच्याकडे."

बाबांनी पाहिलं. "अगं, ही तर डावीकडे झुकलीय. पाणी भरलंय की काय?"

"पाणी नाही. दुरुस्ती आहे ती, तू आपटलीस तेव्हाची. आणि आता मागे वळून तुमचं सामान बघ. कुठल्या बाजूला लावलंयस?"

"नेहमीसारखंच लावलंय."

"तेच तर म्हणतेय मी! होडी वाकडी आपली, आणि नावं ठेवतोस त्या नव्या होडीला."

भिंगरी नव्या होडीत चढली. पेटी मधे ओढली, कॅन डावीकडे ढकलला आणि स्वतः डाव्या बाकावर जाऊन बसली. होडी पाण्यावर ताटासारखी सपाट झाली. आईंना हसू आवरेना. गॉगलवाल्याने गॉगल काढला आणि पुसला. बाबांनी डोकं खाजवलं, मग तेही हसले आणि तिसरी होडी ठरली.

हसू संपलं ते दुरुस्तीच्या शेडमध्ये. दुकानाचा फिटर माझं इंजिन उतरवत होता. अंगठीएवढ्या जाड वॉशरचे नट त्याने सोडले आणि त्याचा हात थांबला. भोकातून काळं, ओलं लाकूड भुशासारखं खाली पडलं. त्याने स्क्रूड्रायव्हर लावला. जोर न लावता तो मुठीपर्यंत आत गेला.

"साहेब," तो म्हणाला, "ही आज तलाव ओलांडून आली?"

बाबा जवळ आले. त्यांनी त्या भोकात बोट घातलं आणि त्यांच्या बोटाला लाकूड लोण्यासारखं लागलं. त्यांची नजर आजींच्या नळ्यांच्या चार स्क्रूंवर गेली. मग दारात उभ्या असलेल्या भिंगरीवर. तिच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. फेरीसाठी तिने ते आधीच घातलं होतं. बाबा तिथेच एका उलट्या बादलीवर बसले. लोकांच्या लिफ्टचे दोर दर महिन्याला तपासणारा तो माणूस ओल्या हाताकडे बघत राहिला. मला त्यांची फार दया आली.

आता मी फिटरच्या शेडमागे पालथी पडून आहे. कधीतरी मला कापतील. फायबर सडत नाही, पण माझा उपयोग संपला आहे. अजूनही वारा आला की मला वाटतं उठावं. कधीकधी पलीकडून नव्या होडीचं इंजिन ऐकू येतं आणि दोराच्या टोकाला कुणीतरी किंचाळतं. पहिल्या महिन्यात बाबा तिच्यात दोन स्क्रू बसवायला इथे आले होते. मसाल्याची नळी खिशातून बाहेर डोकावत होती. स्क्रूआधी भोकं त्यांनी तीनदा भरली. फिटर कंटाळला, ते कंटाळले नाहीत.

मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही, मित्रांनो. माझी वेळ झाली होती. पण तुमच्या घरी असं काहीतरी असेलच, जे रोज तुमचा भार वाहतं आणि कधी कुरकुरत नाही. एखादी शिडी, एखादा झोपाळा, एखादी सायकल. कुरकुरत नाही म्हणजे ते ठणठणीत आहे असं समजू नका. त्याच्या मागे जा, हाताने दाबून बघा, आणि एखादं भोक "पुढच्या रविवारी" वर ठेवलं असेल तर ते आज भरा. अकरा वर्षांत मी कुणालाही बुडवलं नाही, याचं लोक कौतुक करतात. ते कौतुक माझं नाही. त्या शनिवारी एका म्हातारीने चहा बाजूला ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणून भिंगरी आज पाण्यावर आहे.