फळ्यांवरचा ढोल

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. ढोल म्हटलं की तुम्हाला जत्रा आठवेल, लेझीम आठवेल. माझ्या नशिबी त्यातलं काही आलं नाही. ज्यांना ऐकू येत नाही, अशा मुलांसाठी मी वाजलो. हसू आलं ना? बेल्ह्याच्या बाजारात मला विकायला बसलेल्या हौशीरामलाही आलं होतं.

"बाई, ज्यांला ऐकूच येत न्हाई त्यांच्यापुढं ढोल बडवून काय उपेग? एखाद्या वरातीला गेला असता तर नाव काढलं असतं यानं!"

त्यानंच मला घडवलं होतं. आंब्याचं लाकूड कोरून, बकऱ्याचं कातडं चढवून त्यानं दोऱ्या अशा आवळल्या होत्या, की नुसतं बोट लागलं तरी मी घुमायचो. यशोधराबाई त्याच्या बोलण्यावर फक्त हसल्या आणि मला एसटीच्या टपावर टाकून घोडेगावला घेऊन आल्या. साल १९९४. बाई पुण्यात कर्णबधिर मुलांना शिकवण्याचं शिक्षण घेऊन नुकत्याच परतल्या होत्या. लोक तेव्हा सरळ 'मुकी पोरं' म्हणत. अशा मुलांची शाळा म्हणजे पुणं, तिथलं वसतिगृह. मुलगी असली तर घरचे म्हणायचे, राहू द्या, एवढ्या लांब कुठं धाडायची! म्हणून एका संस्थेनं घोडेगावात भाड्याच्या खोलीत वर्ग उघडला. खोलीची जमीन मातीची आणि थंडीत गारठा मी म्हणायचा. बाईंनी जुन्या दारांच्या फळ्या ठोकून अर्ध्या खोलीत लाकडी जमीन केली आणि मला तिच्यावर मांडलं.

माझं म्हातारपण आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी रडारड नको. पुढे कान तपासायचं यंत्र आलं, कानामागे बसणारी इवलीशी मशीनं आली आणि मी कपाटावर गेलो. धूळ बसली, उंदरांनी एक बाजू कुरतडली. मुलं एकेक करून पुण्याच्या मोठ्या शाळेत गेली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण माझ्या भाग्याचे दिवस मी पाहिले आहेत. त्यांतला एक अजून मनातून जात नाही.

शिनोलीच्या सोपानभाऊंची प्रतीक्षा तेव्हा सहा वर्षांची होती. वर्गात आली त्या दिवशी कोपऱ्यात अंग चोरून बसली. घरी तिच्याशी बोलायचं कसं, ते कुणाला ठाऊकच नव्हतं. इथे तिला समृद्धी भेटली. समृद्धीलाही ऐकू येत नव्हतं. पण हातवाऱ्यांत ती भारी पटाईत होती! महिनाभरात दोघींचे हात असे चालू लागले, की बाईंना म्हणावं लागे, "आता गप्प बसा!" दोन मुक्या म्हटल्या जाणाऱ्या पोरींना गप्प बसवावं लागत होतं. मला त्याची फार गंमत वाटायची.

बाईंची एक परीक्षा असे. मूल माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, बाई माझ्यावर टिपरू हाणायच्या आणि आवाज कळला की मुलानं हातातला मणी डब्यात टाकायचा. त्या दिवशी सोपानभाऊ समोरच होते. धुम्म! प्रतीक्षानं मणी टाकला. पुन्हा धुम्म, पुन्हा मणी. हळू वाजवलं तरी मणी. बाईंचे डोळे भरून आले. सोपानभाऊंनी तर लेकीला उचलून गरकन फिरवलं.

"माझ्या पोरीला ऐकू येतंय! आता ही गावच्या शाळंत जाणार, चारचौघींसारखी!"

बाई पुण्यात फरशीवर शिकल्या होत्या. फळ्यांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं काय ते मला माहीत होतं, मित्रांनो. माझी थरथर फळ्यांत उतरत होती आणि पोरीचे पाय अनवाणी होते. पण ढोलाला कोण विचारतं?

आठ दिवसांनी सोपानभाऊ प्रतीक्षाला घेऊन तिचं पाटी-दप्तर न्यायला आले. बरोबर शेजारचे गेणभाऊ होते. सोपानभाऊंचा चेहरा उतरलेला होता.

"बाई, ही लई हट्टी झालीया. मागनं हाका मारून घसा बसला, पर वळत न्हाई. ऐकू येतंय अन् मुद्दाम करती. काल मी हात उगारला तिच्यावर."

बाई चमकल्या. गेणभाऊ म्हणाले, "जाता जाता एकदा दाखवा तरी, कशी ऐकती ती."

समृद्धी दप्तर धरून बसली होती, सोडतच नव्हती. प्रतीक्षा रडायला लागली. सोपानभाऊंनी तिला दाराशी, मातीच्या जमिनीवर, कडेवर घेतलं, तिचं तोंड बाहेर वळवलं आणि मुठीत मणी दिला. बाईंनी टिपरू हाणलं.

मणी मुठीतच राहिला.

बाईंनी जोर लावून हाणलं. काही नाही. मग त्यांनी तिला हळूच उतरवून फळीवर पाठमोरं उभं केलं आणि मला जेमतेम टिचकी मारली. मणी डब्यात पडला.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "चुकलं माझं. ती पायांनी ओळखते. तिला ऐकू येत नाही."

सोपानभाऊ लेकीच्या अनवाणी पायांकडे बघत राहिले. मग सोपानभाऊंनी विचारलं, "म्हंजी माझी एकबी हाक हिला पोचली न्हाई?"

बाईंनी मान हलवली.

सोपानभाऊंनी दारातच चपला काढल्या. फळीच्या या टोकाला येऊन, पाठमोऱ्या लेकीकडे बघत त्यांनी पाय आपटला. प्रतीक्षा गर्रकन वळली. बापाला बघून ओल्या डोळ्यांनीच हसली. त्यांनी पुन्हा तिची पाठ फिरवली, पुन्हा पाय आपटला आणि ती पुन्हा वळली. रडत होते ते सोपानभाऊ, आणि पोरीला वाटत होतं, खेळ चाललाय!

गावच्या शाळेचं नाव परत निघालं नाही. दप्तर समृद्धीच्या मांडीवरच राहिलं. दिवाळीच्या सुट्टीत सोपानभाऊंनी आपल्या घरात चुलीपासून दारापर्यंत फळ्या टाकल्या. लोक हसले, "लाकडं काय पेरतो रे घरात?" ते म्हणाले, "पोरीला हाक मारायचीया."

मित्रांनो, मला दुरुस्त करा, न करा. पण तुमची हाक कुणाला पोचली नाही, तर त्याच्यावर रागावू नका. आधी चपला काढा.